न मारलेल्या उडीचे पैसे

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली



हवामानावर अवलंबून असलेल्या साहसी खेळांच्या शाळा ग्राहकाकडून सगळी रक्कम आगाऊ घेतात आणि उडी, उड्डाण किंवा बुडी झालीच नाही तरी ती परत करत नाहीत. हे थांबवण्यासाठी प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढावीत, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे. ते उघड लिहिते आहे, कारण असे पैसे बुडाले की बहुतेक घरांत 'जाऊ दे आता' म्हणून विषय मिटवला जातो. कोर्टकचेरीची दगदग नको, वेळ नाही, रक्कम काही लाखांत नाही, अशी कारणं असतात. शाळांचा भरवसा नेमका त्या 'जाऊ दे'वर आहे.

आमचं प्रकरण असं. माझ्या मुलीने पगारातून पैसे बाजूला टाकून उत्तर भारतातल्या एका स्कायडायव्हिंग शाळेत एएफएफ (अ‍ॅक्सिलरेटेड फ्री फॉल) कोर्सला नाव घातलं. टँडम उडीत पाहुणा प्रशिक्षकाच्या पुढ्यात बांधलेला असतो आणि त्याने फारसं काही करायचं नसतं. एएफएफमध्ये विद्यार्थ्याच्या पाठीवर स्वतःचं पॅराशूट असतं. पहिल्या उड्यांना दोन प्रशिक्षक दोन बाजूंनी त्याला धरून बरोबर झेपावतात, पुढे एकच, आणि शेवटी तो एकटा. पुण्यात वाढलेल्या मुलीला ही ओढ का लागते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पुण्याच्याच शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर आणि २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर उडी मारली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, नऊवारी नेसून त्यांनी मारलेल्या उडीची छायाचित्रं घराघरांत पाहिली गेली. त्यांना पाहून मोठ्या झालेल्या मुलींपैकी माझी एक.

मी सोबत गेले होते. पहिला दिवस जमिनीवरच्या शिकवणीचा. छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये लटकवून, मुख्य छत्री नीट उघडली नाही तर आधी कुठलं हँडल ओढायचं आणि मग कुठलं, हे तिच्याकडून घोटून घेतलं गेलं. मनगटावरचा अल्टिमीटर किती वेळाने बघायचा, पाय जुळवून कसं उतरायचं, सगळं. शिकवणं उत्तम होतं. त्या दिवसाचे पैसे शाळेने ठेवावेत, याला आमची तेव्हाही हरकत नव्हती आणि आजही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसेना. जानेवारीतलं धुकं. दुपारी ते विरलं तेव्हा वारा उठला आणि खांबावरचा विंडसॉक ताठ आडवा झाला. शिकाऊ उड्यांसाठी अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेने वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, अशी घातली आहे. तिथल्या प्रशिक्षकाने यंत्रावरचा आकडा बघितला आणि सरळ 'नाही' म्हणून सांगितलं. त्याने योग्य केलं. माझ्या मुलीला त्या वाऱ्यात वर नेलं नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मग एक सकाळ अशी उजाडली की आकाश स्वच्छ, विंडसॉक लोंबकळत पडलेला, आणि विमानच जागेवर नाही. ते तपासणीसाठी गेलं होतं. मुलीची रजा संपली, आम्ही परत निघालो. नंतर शाळेची ईमेल आली, तीत सगळ्या दिवसांचं कारण एकच लिहिलं होतं: हवामान.

पैसे मागितल्यावर व्हाउचर आलं. मुदत सहा महिने. जानेवारीत दिलेलं व्हाउचर जुलैत संपतं. उन्हाळा तापला की तिथल्या माळावर दुपारी वावटळी उठतात, त्यानंतर पाऊस, आणि शाळेच्याच वेळापत्रकात त्या काळात उड्या बंद आहेत. म्हणजे शाळा चालू असताना मुलीला पुन्हा रजा मिळण्याजोगा काळ जेमतेम उरत होता. फोनवर ही गोष्ट मांडली, तेव्हा पलीकडच्या मुलाने नम्रपणे तेच वाक्य परत परत सांगितलं, "मॅम, पॉलिसी है." त्या मुलावर माझा राग नाही. पॉलिसी त्याने लिहिलेली नाही.

ती पॉलिसी आम्हाला कधी दाखवली गेली, हे मात्र आपण पाहावं. पैसे भरताना 'उड्या हवामानावर अवलंबून' एवढाच मजकूर समोर होता. सविस्तर अटींचा अर्ज हातात पडला तो धावपट्टीवर पोहोचल्यावर, रक्कम कधीच जमा झालेली असताना. पानापानावर सही करायची होती. मृत्यू आला तर, कायमचं अपंगत्व आलं तर, अशी कलमं एकामागून एक, आणि त्यांच्या मधोमध परताव्याची एक ओळ: कोणत्याही कारणाने रक्कम परत मिळणार नाही. मृत्यूच्या कलमावर सही करताना आईचा हात थांबतो. परताव्याच्या ओळीवर कुणाची नजर थांबणार?

शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे आणि तिचा निवाडा तिथेच व्हावा. शिवाय परतावा नाकारणारा हा एकच दरवाजा असता, तर आपल्याला पत्र लिहिण्याचं कारण नव्हतं.

माझं आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं. म्हणून एक गोष्ट हिशेबनिसाच्या नजरेतून सांगते. सेवा देण्याआधी घेतलेली रक्कम हे उत्पन्न नसतं, ते देणं असतं. ताळेबंदात ती देण्यांच्या बाजूला बसते आणि सेवा दिली जाईपर्यंत तिथेच राहते. जीएसटी कायद्यालाही हे पक्कं ठाऊक आहे. आगाऊ रक्कम घेतली की नोंदणीकृत व्यावसायिकाने रिसीट व्हाउचर द्यायचं, आणि पुढे सेवा दिलीच गेली नाही तर रिफंड व्हाउचर देण्याची सोय त्याच कायद्यात, त्याच कलमात आहे. म्हणजे पैसे परत करण्याचा कागदसुद्धा सरकारने तयार ठेवला आहे. न झालेल्या उडीची रक्कम देण्यांतून उचलून उत्पन्नात टाकायची, तर त्यासाठी काहीतरी घडलं पाहिजे. इथे काय घडलं? व्हाउचरची तारीख उलटली, एवढंच.

आपला करार कायदा १८७२ चा. त्याच्या ६५व्या कलमाखाली काही दृष्टान्त दिले आहेत आणि त्यातला एक या प्रकरणाला असा चपखल बसतो की तो प्रत्येक साहसी शाळेच्या भिंतीवर लावावा. एका मैफलीत गाण्यासाठी गायकाने एक हजार रुपये बिदागी आगाऊ घेतली. पुढे आजारी पडल्यामुळे त्याला गाता आलं नाही. मैफल झाली असती तर आयोजकाला जो नफा झाला असता, त्याची भरपाई गायकाने करायची नाही, असं कायदा सांगतो. आजारपण काही त्याच्या हातात नव्हतं. पण आगाऊ घेतलेले हजार रुपये मात्र त्याने परत केले पाहिजेत. किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर यायला तेव्हा अजून आठ वर्षं अवकाश होता, आणि तरी गाण्याचा आणि बिदागीचा हिशेब कायद्याने एवढा स्वच्छ मांडून ठेवला होता. दोष नाही म्हणून दंड नाही, आणि गाणं नाही म्हणून बिदागीही नाही. धुकं पडलं हा शाळेचा गुन्हा नव्हे. आमची रेल्वेची तिकिटं, हॉटेलचा खर्च, मुलीची गेलेली रजा यांतलं काहीही आम्ही मागितलेलं नाही. आम्ही बिदागी परत मागतो आहोत.

त्याच कलमात दुसरी एक गायिका आहे. तिने दोन महिने, आठवड्यातून दोन रात्री नाट्यगृहात गायचं कबूल केलं, पाच रात्री गायली, आणि सहाव्या रात्री मुद्दाम आली नाही. म्हणून नाट्यगृहाच्या चालकाने करार रद्द केला. तरी ज्या पाच रात्री ती गायली, त्यांचे पैसे त्याने दिलेच पाहिजेत. जमिनीवरच्या शिकवणीचा दिवस म्हणजे या पाच रात्री. तेवढे पैसे शाळेचे, पुढचे आमचे.

शाळेचे वकील म्हणतील, आणि आयोगापुढे त्यांनी म्हटलंही, की वारा-पावसाची जोखीम करारानेच ग्राहकावर टाकली आहे आणि ग्राहकाने त्यावर सही केली आहे. अशाच करारांसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' ही व्याख्या आणली गेली. ग्राहकाच्या हक्कांत लक्षणीय फरक पडेल आणि त्याचं नुकसान होईल अशी गैरवाजवी अट, असं त्यात लिहिलं आहे. पण अडचण अशी की करारच अन्याय्य आहे ही तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, त्यासाठी राज्य आयोगाची पायरी चढावी लागते. जिल्हा आयोगात सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढ्यावरच बोलता येतं. एका कोर्सच्या फीसाठी राज्य आयोगापर्यंत कोण जाईल? माणसाच्या चिकाटीवर कायद्याचा अंमल सोडून दिला, की तो अंमल होत नाही.

बाकी कायद्याने ग्राहकाची सोय चांगली केली आहे, हेही नोंदवते. शाळा दुसऱ्या राज्यात असली तरी आम्हाला आमच्या जिल्ह्यात तक्रार करता आली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन केला होता, तिथल्या माणसांनी नीट ऐकून घेतलं, शाळेला कळवलं. शाळेने अटींची प्रत जोडून उत्तर दिलं आणि तक्रार बंद झाली. हेल्पलाइनला समजूत घालता येते, भाग पाडता येत नाही. बिंदुमाधव जोशींनी ज्या पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, तिथे राहून एवढ्या पायऱ्या चढण्याचं बळ मला मिळालं. तालुक्याच्या गावातल्या, पहिल्यांदाच असं काही करायला निघालेल्या मुलाला ते कुठून मिळावं?

विमान प्रवासाच्या बाबतीत हा प्रश्न सरकारने केव्हाच सोडवला आहे. दाट धुक्यामुळे विमान रद्द झालं तर कंपनीला नुकसानभरपाई द्यावी लागत नाही. पण दुसऱ्या विमानात जागा किंवा तिकिटाचे पैसे, यातलं एक द्यावंच लागतं. ती रक्कम पुढच्या प्रवासासाठी खात्यात जमा ठेवायची की परत घ्यायची, हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नव्हे, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने स्पष्ट केलेलं आहे. १८७२ च्या गायकाचा न्याय तोच. आपल्याच प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला कंपनीला आदेश दिला, की परतावा कूपनच्या रूपात हवा की बँक खात्यात, हे निवडण्याची सोय ग्राहकाला द्या. रिक्षा-टॅक्सीच्या भाड्यासाठी जे तत्त्व आपण लावलं, ते पगारातून महिनोन्महिने साठवलेल्या फीला लावण्यात कसली अडचण आहे?

आता जे लिहिते आहे ते पैशांपलीकडचं आहे, आणि बाकीचं पत्र वाचायला सवड झाली नाही तरी एवढं आपण वाचावं.

त्या वाऱ्याच्या दुपारी हँगरमध्ये सात-आठ तरुण मुलं-मुली बसली होती. प्रत्येकाची रजा संपत आलेली, परतीचं तिकीट काढलेलं, पैसे भरलेले. त्यांतला एक मुलगा उठून प्रशिक्षकाकडे गेला आणि म्हणाला, एवढ्या वाऱ्याने काय होतंय, हवं तर मी माझ्या जबाबदारीवर लिहून देतो. त्याच्या मागे आणखी दोघं उभे राहिले. हे धाडस त्यांच्यात आकाशाच्या ओढीने आलं नव्हतं. आज उडी झाली नाही तर पैसे गेले, हे त्यांना माहीत होतं. ज्याचे पैसे अडकलेले असतात तो स्वतःच धोक्याची वकिली करायला लागतो. त्या दिवशीचा प्रशिक्षक ठाम राहिला. पण रोज दहा माणसं विनवत असतील, शाळेचा मालक मागे उभा असेल, वारा मर्यादेच्या जरासाच वर असेल, तर प्रत्येक प्रशिक्षक प्रत्येक वेळी ठाम राहील, या भरवशावर आपण मुलांना सोडायचं का?

माझ्या मुलीला शिकवणीत सांगितलं होतं, की विमानाच्या दारात उभं राहिल्यावरही मन नाही म्हणालं तर मान हलवायची, विमानातूनच खाली यायचं, त्यात कमीपणा नाही. हे या खेळातलं मोठं शहाणपण आहे. आणि त्याच शाळेच्या अर्जात ओळ होती, की विमान वर गेल्यावर नकार दिल्यास उडी झाली असं धरलं जाईल. वर्गात दिलेला नकाराचा हक्क अर्जाने काढून घेतला. विमान खरोखर वर गेलं असेल तर इंधनाचा आणि जागेचा खर्च शाळेने कापावा, तो झालेलाच आहे. पण सगळी रक्कम गिळली, तर दारात उभ्या असलेल्या घाबरलेल्या मुलीच्या डोक्यात त्या क्षणी पैसे येतात. तिथे तिच्या डोक्यात पैसे येता कामा नयेत. पाठीवर राखीव छत्री असते तशीच परताव्याची हमी ही या खेळातली सुरक्षेची वस्तू आहे, आणि प्राधिकरणाने तिच्याकडे तसंच पाहावं.

शाळांची बाजू मला कळत नाही असं नाही. विमान पोसायचं म्हणजे खेळ नाही. धावपट्टीचं भाडं, पायलटचा पगार धुक्यातही चालूच असतात. पॅराशूटं परदेशातून येतात, राखीव छत्री वापरली नाही तरी ठरावीक मुदतीनंतर जाणकाराकडून उघडून, तपासून पुन्हा बांधून घ्यावी लागते. एवढा खर्च करून आपल्या देशात हा खेळ रुजवणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, आणि या शाळा बंद पडाव्यात असं मला अजिबात वाटत नाही. पण उत्तरेत जानेवारीत धुकं पडतं, हे शाळेला माझ्या मुलीपेक्षा जास्त माहीत असतं. किती दिवस वाया जातात याच्या नोंदी शाळेकडे असतात. त्या हिशेबाने फी थोडी वाढवा, आम्ही देऊ. जोखमीची किंमत आधी सांगून घेणं हा व्यापार झाला. ती न सांगता नंतर एकाच्याच खिशातून काढणं, याला अनुचित प्रथा म्हणतात.

आणि छोटा माणूस हे कसं करतो, तेही मी पाहिलं आहे. तारकर्लीला समुद्र खवळला म्हणून स्नॉर्कलिंगची होडी निघाली नाही, तेव्हा नाववाल्याने घेतलेले पैसे किनाऱ्यावरच आमच्या हातावर ठेवले. "दर्याच नाय म्हणता, तर मी पैशे कशाचे घेव?" एवढंच म्हणाला. त्याच्याकडे पॉलिसी नव्हती. त्याचा हंगामही पावसाळ्यात बंदच असतो, आणि त्याच्याही होडीचं कर्ज फिटायचं असतं.

म्हणून मागणी करते. सेवा सुरूच झाली नाही, तर कारण धुकं असो, वारा असो की विमानाची तपासणी, घेतलेली रक्कम ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने ठरावीक दिवसांत परत जावी. व्हाउचर ग्राहकाने मागितलं तरच द्यावं, आणि त्याची मुदत शाळेच्या चालू हंगामात मोजावी, बंद महिन्यांत नाही. सेवा अर्धी झाली असेल तर झालेल्या भागाचे पैसे कापावेत आणि ते कसे मोजले हे लिहून द्यावं. परताव्याची अट पैसे घेण्याआधी, पैसे भरायच्या जागीच, ग्राहकाला कळेल अशा भाषेत दाखवावी. मृत्यूच्या कलमांत ती लपवू नये. आणि उडी रद्द केली की त्याच दिवशी वेळ, वाऱ्याचा वेग, दृश्यमानता आणि खरं कारण लिहिलेला कागद विद्यार्थ्याच्या हातात पडावा. या शेवटच्या गोष्टीवर माझा जास्त जोर आहे. मोठ्या विमानतळांवर हवामानाची नोंद दर अर्ध्या तासाला होते, ती कुणालाही पडताळता येते. विमान जागेवर नसताना 'हवामान' लिहिण्याची सोय त्याने बंद होईल.

महाराष्ट्राने साहसी पर्यटनासाठी २०२१ मध्ये धोरण केलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक केली, सुरक्षेचे नियम घातले. कामशेत-पाचगणीच्या पॅराग्लायडिंगपासून मालवणच्या स्कूबापर्यंत सगळं त्याखाली येतं. आपल्या तत्त्वांना धरून राज्यांनी नोंदणीच्या अटींतच परताव्याचा नियम घातला, तर आमच्यासारख्यांना आयोगाचं दार ठोठावावं लागणार नाही. या पत्राची प्रत मी संचालनालयालाही पाठवत आहे.

सेवाशुल्काबाबत २०२२ मध्ये आणि फसव्या डिजिटल क्लृप्त्यांबाबत २०२३ मध्ये प्राधिकरणाने तत्त्वं काढली, तेव्हा हॉटेलच्या बिलात आणि मोबाइलच्या पडद्यावर काय चालतं हे आपण बारकाईने पाहिलं होतं. तसंच या धावपट्ट्यांवर, डोंगरमाथ्यांवर आणि किनाऱ्यांवर पाहावं. सूचना मागवल्या तर पावत्या, ईमेल, व्हाउचर आणि सही केलेल्या अर्जाची प्रत पाठवायला मी तयार आहे. पावसाळा ओसरला की नवा हंगाम सुरू होतो आणि त्याची आगाऊ नोंदणी त्याच्याही आधी उघडते. तत्त्वांचा मसुदा त्यापूर्वी यावा, ही विनंती.

आपली नम्र,
एका विद्यार्थिनीची आई
पुणे